मुका बोर्ड बोलता करताना



आजच्या विषयात ‘कर्नल’ हा शब्द वाचून फौजेतला कोणी अधिकारी बोलणार आहे अशा समजुतीने कोणी आले असेल, तर त्यांची आधीच क्षमा मागतो. हा कर्नल निराळा. दाण्याच्या आतल्या गराला इंग्रजीत हाच उच्चार असलेला शब्द आहे. म्हणून मी त्याला गाभा म्हणेन. संगणकाचा प्रोसेसर, स्मृती, तारा आणि कार्ड यांच्यावर हुकमत चालवणारा जो मूळ कार्यक्रम, तो गाभा. लिनक्स नावाचा असा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने प्रसिद्ध केला, आणि आज तो पत्त्याच्या कॅटएवढ्या बोर्डांवरही चालतो.

असा एक बोर्ड आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत आहे. पहाटे म्युनिसिपालटीचे पाणी तळटाकीत येते, बोर्ड पंप सुरू करतो आणि गच्चीवरची टाकी भरते. गेल्या वर्षी चैत्रात मला सुचले की पाण्याची पातळी मोजणारे नवे यंत्र त्याला जोडावे. त्या यंत्राला लागणारा चालक जुन्या गाभ्यात नव्हता, म्हणून मी रात्री बसून नवा गाभा तयार केला आणि चालू कार्डावरच उतरवला. बोर्ड मुका झाला. पहाटे पाणी आले, तळटाकी भरून गेले, पंप मात्र हलला नाही. सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बादल्या घेऊन जिना चढत होत्या, आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती. त्या फजितीतून जे शिकलो ते आज सांगतो.

गाभा हा मुळात माणसाने लिहिलेला मजकूर असतो. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमांचा संच म्हणजे टूलचेन, अवजारांची साखळी. तिच्यात मजकुराचे रूपांतर करणारा कंपायलर असतो, तुकडे जोडणारा लिंकर असतो, आणि सर्वांना लागणारे तयार ग्रंथालयही असते. इथून जवळच काळबादेवीला १८६९ साली निर्णयसागर छापखाना निघाला. पण त्याआधी जावजी दादाजींनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला होता. हस्तलिखित कितीही उत्तम असो, खिळे जुळले नाहीत तर पान छापून निघत नाही. टूलचेन म्हणजे आपली खिळ्यांची फौंड्री.

इथे एक मोठी मेख आहे. आपल्या टेबलावरचा संगणक बहुधा इंटेल किंवा एएमडी जातीचा, आणि बोर्डावरचा प्रोसेसर बहुधा आर्म जातीचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. तेव्हा काम इथे बसून, पण तिथल्यासाठी करायचे. मुंबईत बसून काशीचे पंचांग करण्यासारखेच हे आहे. गणित गिरगावात होईल, पण रेखांश काशीचे धरले पाहिजेत. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने दोन्ही गावांत सुमारे चाळीस मिनिटांचे अंतर पडते. काशीच्या पंचांगात एके ठिकाणी चुकून मुंबईचे रेखांश घुसले, तर पान सुबक दिसेल आणि मुहूर्त चुकेल. गाभा बांधताना ‘आर्क’ या नावापुढे बोर्डाच्या प्रोसेसरची जात, आणि ‘क्रॉस-कंपाइल’ या नावापुढे योग्य टूलचेन सांगावी लागते. दोन्ही विसरलात तर काहीही तक्रार न करता तुमच्या टेबलावरच्या संगणकाचाच गाभा तयार होतो.

आता बिघाडांकडे वळू. पहिला वर्ग बांधणीतल्या बिघाडांचा. पडद्यावर शेवटी ‘एरर’ असे येते आणि नवशिका त्या शेवटच्याच ओळीवर डोके फोडतो. खरा दोष बहुधा पहिल्या तक्रारीत असतो. पुढच्या साऱ्या तिच्या लेकी-सुना. त्यातून वेळ वाचवण्यासाठी आपण आठ-दहा कामे एकदम चालू केलेली असली, तर सर्वांचे बोलणे एकमेकांत मिसळते. अशा वेळी एकेकच काम चालवून पुन्हा बांधणी करावी, म्हणजे गुन्हेगार एकटा उभा राहतो.

मजकूर जुना आणि अवजार नवे असले तरीही खटका उडतो. जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरची दहावी आवृत्ती २०२० साली आली. एकच नाव दोन ठिकाणी मांडले तर जुना कंपायलर चालवून घेई. दहाव्या आवृत्तीने ती सवलत मूळ ठरावातून काढली. परिणामी वर्षानुवर्षे बिनतक्रार बांधले जाणारे जुने गाभे ‘वायवायएलएलओसी’ या नावाची दुहेरी व्याख्या सापडल्याचे सांगून अडू लागले. मजकूर बिघडला नव्हता, परीक्षक कडक झाला होता. जुन्या गाभ्याला त्याच्याच काळचे अवजार द्यावे, किंवा ती दुरुस्ती मजकुरात करून घ्यावी.

दुसरा वर्ग अधिक छळणारा: बांधणी निर्विघ्न होते, पण बोर्ड उठत नाही. आमच्या घरापासून लॅमिंग्टन रोड चालत जाण्याजोगा आहे, आणि अशा वेळी पाय आपोआप नवा बोर्ड आणायला तिकडे वळतात. थांबा. जो बोलत नाही तो मेलाच असे नाही. बोर्डाच्या कडेला सीरियल नावाची बोलण्याची वाट असते. तिला तीन तारा लागतात: एकाचे बोलणे दुसऱ्याच्या ऐकण्याला, दुसऱ्याचे बोलणे पहिल्याच्या ऐकण्याला, आणि तिसरी जमिनीची. बहुतेक छोट्या बोर्डांची ही वाट ३.३ व्होल्टची असते. पाच व्होल्ट लावलेत तर मुका खरोखरच मरेल. वेग बहुधा १,१५,२०० असतो. पडद्यावर कचरा अक्षरे आली तर आधी वेग तपासावा.

मग बोर्ड कोठपर्यंत चालला ते पाहावे, कारण तो पायरीपायरीने उठतो. अक्षरच आले नाही, तर वीज, कार्ड किंवा गाभ्याला उठवणारा बूटलोडर यांत दोष. ‘स्टार्टिंग कर्नल’ म्हणून पुढे शांतता, तर बोर्डावर काय कोठे जोडले आहे त्याचा नकाशा, म्हणजे डिव्हाइस ट्री, दुसऱ्याच बोर्डाचा असेल. किंवा गाभा जिवंत असून भलत्याच खिडकीतून बोलत असेल.

माझे नेमके असेच झाले होते. ‘अर्लीकॉन’ ही सोय चालू करताच गाभा बोलला: मूळ फाइलींचा साठा मला उघडता येत नाही. कार्ड वाचणारा चालक मी गाभ्यात न ठेवता सुटा ठेवला होता, आणि तो सुटा चालक त्याच कार्डावर होता. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावल्याचा प्रकार! चालक गाभ्यात घेतला आणि बोर्ड उठला.

तिसरा वर्ग चकव्याचा. गाभा उठतो, पण एखादा कार्यक्रम चालवताच ‘अशी फाइल नाही’ असे म्हणतो; फाइल तर डोळ्यांसमोर असते. नसते ती त्या कार्यक्रमाला चालू करणारी दुसरी फाइल, लोडर. आर्मवर अपूर्णांकांचे आकडे देण्याघेण्याच्या दोन रीती आहेत, हार्ड-फ्लोट आणि सॉफ्ट-फ्लोट. प्रत्येकीचा लोडर निराळा. दोन फौंड्रींचे कमीजास्त उंचीचे खिळे एका पानात बसवल्यासारखे ते होते. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असे आले, तर कार्यक्रम प्रोसेसरच्या पुढच्या पिढीसाठी बांधला आहे असे समजावे. २०१२ सालच्या पहिल्या रास्पबेरी पायचा प्रोसेसर आर्मच्या सहाव्या पिढीचा, आणि डेबियनची हार्ड-फ्लोट आवृत्ती सातव्या पिढीची. त्यामुळेच त्याच्यासाठी रास्पबियन वेगळे बांधावे लागले.

या सर्वांतून तीन नियम निघतात. एका वेळी एकच बदल करावा. दोष कोणत्या बदलाने आला ते कळत नसेल, तर मधला बदल तपासून निम्मे निम्मे वगळत जावे; हजार बदलांतला दोषी सुमारे दहा चाचण्यांत सापडतो, आणि गिट या साधनात ही सोय आयतीच आहे. तिसरा नियम मला काकूंच्या बादल्यांनी शिकवला: चालते कार्ड कधीही पुसू नये. नवा प्रयोग नव्या कार्डावर. जुने कार्ड माझ्या खिशात असते, तर दोन मिनिटांत पंप सुरू झाला असता.

शेवटी एवढेच सांगतो. लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखाली दिला जातो, त्यानुसार तो घातलेले यंत्र विकणाऱ्याने गाभ्याचा मूळ मजकूरही देणे बंधनकारक आहे. म्हणजे आपल्या यंत्राचा गाभा पुन्हा बांधण्याचा मार्ग आपल्याला मोकळा आहे. तो वापरण्याची हिंमत नसली, तर प्रत्येक मुका बोर्ड कचऱ्यात जाईल आणि प्रत्येक नवे यंत्र बाजारातून येईल. आमचा तो बोर्ड आजही पंप चालवतो. त्याच्या डबीत एक जादा कार्ड चिकटवून ठेवले आहे, आणि हाताने पंप कसा सुरू करावा ते काकूंनाही दाखवून ठेवले आहे.