छातीवरचा मुंज्या

पहाटे डोळे उघडतात, खोली ओळखूं येते, पण हातपाय हालत नाहींत. छातीवर कोणी बसल्याचा भास होतो. घरांत मुंज्याचें नांव निघतें आणि पोराला देवऋषीकडे नेतात! वस्तुतः स्वप्नावस्थेंत मेंदूच स्नायूंना जखडून ठेवतो. जाणीव आधीं जागी झाली, कीं माण्डूक्यांतील जागृति व स्वप्न जणूं एकमेकांत मिसळतात. हें बंधन कांहीं मिनिटांत आपोआप सुटतें.

कित्येकांस त्या वेळीं आपण देहाबाहेर तरंगत आहोंत असें वाटतें. पुणतांब्याच्या चांगदेवांमुळें आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत यास योगसिद्धि म्हणणारेही भेटतात. परंतु २००२ सालीं जिनिव्हा येथें ओलाफ ब्लांके यांनीं एका अपस्माराच्या रुग्णेच्या उजव्या मेंदूंतील एक भाग विजेनें चेतविला, तेव्हां आपण छताजवळून स्वतःचेच पाय पाहत आहोंत असें तिला वाटलें.

पोराचीं जागरणें थांबवावींत, त्याला कुशीवर निजवावें. दिवसाही झोप अनावर होत असेल तर डॉक्टरांस दाखवावें.