वारंवार तोंड येणे : गव्हाच्या प्रदेशातील एक दुर्लक्षित लक्षण

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हा नर्मदा खोऱ्यातील भाग. या खोऱ्यात 'हवेली' पद्धतीची शेती पूर्वापार प्रसिद्ध आहे. बांध घातलेल्या शेतांत पावसाचे पाणी साठवायचे, पावसाळा सरताच ते सोडून द्यायचे आणि उरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, अशी ही पद्धत. साहजिकच गव्हाची पोळी हे येथील नित्याचे अन्न होय. अशा प्रदेशात एखाद्याचे तोंड वरचेवर येत असेल, तर अंगातील उष्णतेला दोष देऊन विषय संपवला जातो. काही रुग्णांत मात्र त्याचे मूळ ताटातील पोळीत असू शकते.

सिलिएक आजार म्हणजे काय?

गहू, जव व राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे, अनुवंशिक प्रवणता असलेल्या व्यक्तींची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर आघात करते. आतड्यातील रसांकुर झिजतात आणि लोह, फॉलिक आम्ल, ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण घटते. जुलाब, पंडुरोग व मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची परिचित लक्षणे. काही रुग्णांत पोटाची तक्रार नसते. वारंवार येणारे तोंड, गुळगुळीत लाल जीभ किंवा दातांच्या आवरणातील दोष एवढेच दिसते.

गहू आणि आजार यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या सुमारास सिद्ध केला. भारतातील तीन विभागांतील प्रौढांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजाराची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. अनुवंशिक प्रवणता तिन्हीकडे जवळपास सारखीच होती. गव्हाचे दैनंदिन सेवन मात्र उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत अवघे २५ ग्रॅम होते.

आधी तपासणी, मग पथ्य

प्रत्येक वेळी तोंड येण्याचे कारण सिलिएक नसते. जीवनसत्त्वांचा अभाव, मानसिक ताण किंवा दाताची टोकदार कडाही कारणीभूत ठरते. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील, कर्करोगाच्या शंकेने तातडीने तपासला पाहिजे.

सिलिएकची शंका असल्यास प्रथम रक्तातील प्रतिपिंडे तपासतात आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे आतड्याचा तुकडा घेऊन निदान पक्के करतात. येथे एक चूक नेहमी घडते. रुग्ण ऐकीव माहितीवरून आधीच गहू सोडतो. त्यामुळे प्रतिपिंडे घटतात आणि आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. म्हणून निदान होईपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवणे आवश्यक ठरते.

उपचाराचे दोन भाग

तात्पुरता आराम मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, तिखट-आंबट वर्ज्य करणे व वैद्यकीय सल्ल्याने लावायचे मलम यांनी मिळतो. लोह व जीवनसत्त्वांची उणीव औषधांनी भरून काढावी लागते. मुख्य उपचार एकच : आजन्म ग्लुटेनमुक्त आहार. त्यानंतर अनेकांचे तोंड येणे कमी होते.

हे पथ्य वाटते तितके सोपे नाही. मैदा, रवा, दलिया व शेवया उघडपणे गव्हाच्या असतात. पण बाजारातील हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्या गिरणीत गहू दळला जातो, तेथेच दळलेल्या ज्वारीच्या पिठातही त्याचा अंश उतरतो. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार 'ग्लुटेनमुक्त' पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन असता कामा नये.

पर्याय दूरचे नाहीत. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी आणि पूर्वेकडील मंडला-दिंडोरी भागात पिकणारी कोदो-कुटकी ही धान्ये स्वभावतःच ग्लुटेनरहित आहेत. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. या धान्यांचा प्रसार शेती व पोषण यांच्यापुरता मर्यादित नाही. सिलिएकच्या रुग्णासाठी तेच औषध आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वरचेवर तोंड येण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाचे वजन, उंची व रक्तातील हिमोग्लोबिनही पाहिले गेले, तर त्याची अनेक वर्षांची हानी टळू शकेल.