मैत्रीवरची सर्दी

बंगळूरच्या जे. पी. नगरात डिसेंबरात पारा पंधरा-सोळावर उतरला, की रंगशंकरा नाट्यगृहाबाहेर चहा पिणारे मफलर गुंडाळतात आणि प्रत्येक शिंकेचं खापर थंडीवर फोडतात. अंटार्क्टिकावरच्या ‘मैत्री’त हा हिशेब जुळत नाही.

हे भारतीय संशोधन केंद्र १९८९ सालचं, प्रियदर्शिनी तलावाच्या काठी उभारलेलं. कारभार गोव्यातल्या वास्कोहून, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. निघण्यापूर्वी एम्समध्ये तपासणी आणि औलीच्या बर्फात सराव. उन्हाळी चमू परतला की उरतात जेमतेम पंचवीस माणसं, आणि मधले सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही.

नवा माणूस नाही, म्हणजे नवा जंतूही नाही. खरी कुरबुर आतून सुरू होते. झोपेचं वेळापत्रक बिघडतं, ताणाचं कॉर्टिसॉल वाढतं, ऊन नसल्याने ‘ड’ जीवनसत्त्व घटतं. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून असतो. त्याच्यावर पहारा देणाऱ्या टी-पेशी ढिल्या पडल्या की तो जागा होऊ शकतो. त्याचाच भाऊबंद म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू. ऑस्ट्रेलियाच्या केंद्रांवर हिवाळा काढणाऱ्यांच्या लाळेत तो एरवीपेक्षा जास्त वेळा सापडला, आणि त्याच काळात त्यांच्या त्वचेवरच्या प्रतिकारचाचणीचा प्रतिसादही मंदावला. नासाचे सतीश मेहता आणि सहकाऱ्यांनी हे २००० साली मांडलं. अंतराळवीरांच्या लाळेतही तेच दिसतं, म्हणून नासाला या बर्फात एवढा रस. आपल्याकडे दिल्लीच्या डिपास या संरक्षण प्रयोगशाळेने हिवाळी चमूंचं रक्त तपासलं आहे.

मला सर्वांत चक्रावून टाकते ती १९६९ची अॅडलेड बेटावरची हकिकत. ब्रिटिश तळावर बारा जण, सतरा आठवडे बाहेरचं कुणी आलेलं नाही. अशात एकाला सर्दी झाली, मग दुसऱ्याला, असे करत सहा जण शिंकू लागले. नमुने इंग्लंडला गेले, कसून तपासले गेले, पण विषाणू काही हाती लागला नाही. बहुधा कुणाच्या तरी घशात तो दबा धरून बसला असावा. थंडी तर पहिल्या आठवड्यापासून होतीच की!

उलटं उदाहरण बेल्जियमच्या ‘प्रिन्सेस एलिझाबेथ’ तळाचं. डिसेंबर २०२१मध्ये तिथे लस घेतलेले, केपटाउनला चाचण्या करून निघालेले पंचवीस जण होते. त्यांतल्या सोळांना करोना झाला. तो बर्फातून आला नव्हता, विमानातून उतरला होता.