सहासष्ट सेकंद

आल्प द्युएझच्या सातव्या वळणावर आज दुसरा रंग औषधालाही सापडत नाही. सदरे नारिंगी, टोप्या नारिंगी, डांबरावर फासलेला रंगही नारिंगी. पायथ्याच्या बूर द्वाझाँ गावापासून वरच्या स्कीइंगच्या गावापर्यंत हा घाट १३.८ किलोमीटरांचा. चढ सरासरी आठ टक्क्यांच्या वर, आणि एकवीस हेअरपिन वळणं. आकडे उलटे लावलेत, पायथ्याला २१ आणि माथ्याला १. प्रत्येक वळणाच्या पाटीवर इथे जिंकलेल्यांची नावं आहेत. सगळ्यात खालच्या पाटीवर फाउस्तो कोप्पी, १९५२ साली टूर द फ्रान्सचा टप्पा पहिल्यांदा इथे संपला तेव्हाचा विजेता. पुढे पहिल्या चौदांपैकी आठ वेळा इथे डच सायकलपटू जिंकले आणि डोंगर नावालाही नसलेल्या नेदरलँड्सने सातवं वळण कायमचं आपलंसं केलं.

आज रविवार, १८ ऑगस्ट २०२४. महिलांच्या टूर द फ्रान्सचा आठवा आणि शेवटचा टप्पा. ग्राँ-बोर्नाँहून निघायचं, ग्लाँदोंचा घाट चढायचा, उतरायचा आणि इथे येऊन संपवायचं, जवळपास दीडशे किलोमीटर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला महिलांच्या जुन्या शर्यतीत लिओंटिन व्हान मूर्सेल याच डोंगरावर जिंकली होती. नव्या रूपातली ही शर्यत २०२२ साली सुरू झाली आणि या घाटावर ती आज पहिल्यांदाच येते आहे. शर्यत सोमवारी रॉटरडॅमहून निघाली. आम्ही राहतो आइंडहोव्हनला, त्यामुळे मंगळवारची वैयक्तिक वेळेची शर्यत जवळच होती. एकेक जण एकटीने ६.३ किलोमीटर सुसाट गेली आणि डेमी व्होलेरिंगने ती जिंकून एकूण आघाडीची पिवळी जर्सी घेतली. तेव्हा मी आणि लेक कठड्याला चिकटून उभ्या होतो. आज तीच शर्यत गाठायला फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला आलो आहोत.

लेकीच्या हातात वहीचं फाडलेलं पान आहे. त्यावर पेन्सिलीने एकच मोठा आकडा : ६६.

त्याचा हिशोब ती शेजारच्या डच काकांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगते आहे. पिवळी जर्सी आता पोलंडच्या काशा न्येव्यादोमाकडे आहे. व्होलेरिंग तिच्या पंच्याहत्तर सेकंद मागे. टप्पा जिंकणारीला दहा सेकंदांचा बोनस मिळतो, दुसरीला सहा, तिसरीला चार. म्हणजे व्होलेरिंगने टप्पा जिंकला आणि काशा पहिल्या तिघींत नसली, तर पासष्ट सेकंदांच्या फरकाने दोघी बरोबरीत येतात. सहासष्ट झाले की टूर व्होलेरिंगची. काका मान डोलावतात, पण त्यांना तो आकडा मुळीच आवडलेला नाही. “गुरुवारी ती पडली नसती,” ते म्हणतात, “तर या कागदाची गरजच नव्हती.”

गुरुवारचं ते दृश्य मी टीव्हीवर पाहिलं आणि अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आम्नेविलला टप्पा संपायला सहा-एक किलोमीटर उरले असताना वळणावर घोळका कोसळला आणि त्यात पिवळी जर्सी होती. व्होलेरिंग उठली, सायकलवर बसली, पण तिच्या पुढे वारा कापायला तिच्या संघातलं कोणी नव्हतं. त्याच दिवशी तिच्याच संघातली ब्लांका व्हाश टप्पा जिंकली. व्होलेरिंग १ मिनिट ४७ सेकंदांनी मागे राहिली आणि पिवळी जर्सी काशाच्या अंगावर चढली. संघाने थांबायला हवं होतं की नाही यावर या वळणावर सकाळपासून वाद चालू आहे. मला विचाराल तर थांबायला हवं होतं. अंगावर पिवळी जर्सी असलेली सहकारी रस्त्यावर पडते तेव्हा त्या दिवसाचा टप्पा दुय्यम होतो.

“आई, पण काशा त्यात काय करणार? ती का थांबेल?” लेक म्हणते. या नारिंगी गर्दीत ती एकटी काशाच्या बाजूची आहे. २०२२ मध्ये काशा तिसरी आली, २०२३ मध्येही तिसरीच. तिसरं येणं काय असतं ते लेकीला शाळेतल्या शर्यतींमुळे चांगलं ठाऊक आहे.

जाहिरातींच्या गाड्यांचा तांडा येऊन गेला, टोप्या आणि गोळ्या उधळून गेला. हौशी सायकलवाले धापा टाकत वर गेले. आता पोलिसांनी रस्ता रिकामा केला आहे. एका व्हॅनच्या उघड्या दारात छोटा टीव्ही ठेवलाय आणि त्याच्यापुढे तीस-चाळीस माणसं वाकून उभी आहेत. ग्लाँदोंच्या माथ्याजवळ व्होलेरिंगने हल्ला चढवला आहे. अजून पन्नासहून जास्त किलोमीटर बाकी! तिच्या चाकाला चिकटून एकच जण टिकली आहे, पाउलिना रॉयाकर्स, तीसुद्धा डच. काशा मागे पडली आहे. वळणावर असा काही गलका उठतो की निवेदकाचा आवाजच ऐकू येत नाही.

पण उतार संपल्यावर दरी आहे, आणि सायकल शर्यत समजून घ्यायची तर ही दरी समजून घ्यावी लागते. उभ्या चढावर जिचे पाय मजबूत ती पुढे. सपाटीवर मात्र शत्रू वारा असतो. पुढचीच्या आडोशाला चालवणारीचे कष्ट खूप कमी होतात, म्हणून मोठ्या घोळक्याचा वेग दोघींपेक्षा सहज जास्त असतो. मागे लुसिंडा ब्रांड आपल्या संघातल्या गाया रेआलिनीसाठी जीव तोडून घोळका ओढते आहे. ब्रांड डच. तिला काशाशी देणंघेणं नाही, पण तिच्या मागे बसलेल्या काशाला आयता आडोसा मिळतो आहे. काका कपाळावर हात मारतात. आमच्या वळणाच्या व्होलेरिंगला वाचवणाऱ्यांमध्येही डच आणि बुडवणाऱ्यांमध्येही डच. काका ब्रांडला दोष मात्र देत नाहीत. ती ज्या संघाचा पगार घेते त्याचं काम करते आहे, आणि हे इथे सगळ्यांना कळतं.

पुढेही कोडं तेच. रॉयाकर्सला स्वतःला टूर जिंकण्याची संधी आहे. तिने व्होलेरिंगला हातभार लावावा की तिच्या मागे बसून दम राखावा? व्होलेरिंग कोपर हलवून तिला पुढे बोलावते, आणि टीव्हीपुढचे नारिंगी सदरे तिथल्या तिथे दोन पक्षांत वाटले जातात.

हेलिकॉप्टर. आवाज आधी खालच्या दरीतून येतो, मग डोंगरावर आपटून दुप्पट होतो. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे असतं, म्हणून आता तिकडे बघण्यात अर्थ नाही. लोक व्हॅन सोडून कडेला येतात. इथे कठडे नाहीत. १९९९ साली याच घाटावर फोटो काढायला मध्ये आलेल्या प्रेक्षकाने जुझेप्पे ग्वेरिनीला पाडलं होतं. तो उठून जिंकला, ते त्याचं नशीब. २०१८ साली विन्चेन्झो निबाली इथेच गर्दीत पडला, त्याच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं आणि त्याची टूर संपली. मी लेकीच्या खांद्यावर हात ठेवून तिला एक पाऊल मागे घेते. आपण त्यांच्या इतके जवळ उभे राहू शकतो, तिकिटाशिवाय, हा या खेळाचा सगळ्यात मोठा विश्वास आहे आणि तो आपण सांभाळायचा आहे.

मोटरसायकली. लाल गाडी. आणि त्या दोघी येतात.

व्होलेरिंग पुढे. तोंड उघडं, हनुवटीवरून घाम ठिबकतोय, नजर समोरच्या दोन-तीन मीटर डांबरावर खिळलेली. तिच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर रॉयाकर्स. हाताच्या अंतरावरून जातात, साखळीचा आवाज ऐकू येतो, श्वासही. गर्दी दुभंगते आणि त्यांच्या मागे पुन्हा मिटते. मी काय ओरडले ते मला माहीत नाही. दहा सेकंदांत त्या वळणाआड जातात.

लेकीने घड्याळ सुरू केलंय.

आता रस्ता रिकामा आहे, आणि याच रस्त्यासाठी मी इतक्या लांब आले आहे. टीव्हीवर हा फरक कोपऱ्यातला एक आकडा असतो. इथे उभं राहिलं की तो आकडा अंगावरून जातो. या चढावर त्या सेकंदाला साडेचार-पाच मीटर चालल्या असतील. दहा सेकंद झाले, व्होलेरिंग व्हॅनच्या पुढे गेली असेल. वीस झाले. पोलिसाची मोटरसायकल येऊन गेली. शर्यत म्हणजे या क्षणी हे मोकळं डांबर, त्यावर खडूने लिहिलेली नावं आणि दोन टोकांना दोन बायका, एकमेकींना न दिसणाऱ्या. एक फरक ताणते आहे, दुसरी तो तुटू देत नाही. खालच्या वळणावरून ओरडा वर सरकतो. तीस. चाळीस. काका बोटांवर मोजताहेत. मला व्होलेरिंग जिंकायला हवी आहे आणि तरीही लेकीचा चेहरा बघून ‘ये गं, ये लवकर’ असंच मनात येतंय.

पिवळा रंग दिसतो.

काशा सायकलवर उभी आहे. खांदे डावी-उजवीकडे झुकताहेत, जर्सीची चेन छातीपर्यंत उघडी. एक बरं वाटावं असं घडतं : हे नारिंगी वळण तिलाही तितक्याच मोठ्याने ओरडून वर पाठवतं. “काशा! काशा!” लेकीचा आवाज त्यात विरून जातो. घड्याळातला आकडा मिनिटाच्या आसपास घुटमळतोय. गर्दीत नेमका क्षण पकडणं अशक्य आहे. सहासष्ट झाले की नाही, सांगता येत नाही. अजून बराच चढ बाकी आहे.

सगळे परत टीव्हीकडे धावतात, पण रस्त्यावर आता एकेक, दोघी-दोघी येऊ लागल्या आहेत. मी अर्ध्यात उभी, एक डोळा इकडे, एक तिकडे. माझ्या पुढून चढणाऱ्या या मुलींना टूर जिंकायची नाही. कोणी कालपर्यंत कोणासाठी पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, कोणी आज ग्लाँदोंच्या पायथ्यापर्यंत वारा कापला. आमच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात पहिल्या आलेल्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. पण खोपोलीहून शिंग्रोबाच्या देवळापर्यंत धापा टाकत चढणाऱ्या शेवटच्या माणसासाठीही लोक थांबलेले असतात. मी त्या लोकांपैकीच आहे.

“आई, संपत आलं!”

पडद्यावर शेवटचा सपाट तुकडा. व्होलेरिंग रॉयाकर्सला मागे टाकते, रेषा ओलांडते आणि सायकलवरून उतरून सरळ जमिनीवर आडवी होते. टप्पा तिचा, बोनसचे दहा सेकंद तिचे. व्हॅनभोवती कोणी नाचत नाही. सगळे कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघताहेत. चाळीस. फ्रान्सची एव्हिता म्यूझिक तिसरी येते. काशा दिसते, पाठ वाकलेली, पेडलवर उभी. लेक कागद मुठीत चुरगाळते. साठ.

एकसष्ट.

रेषेपलीकडे काशाला स्वतःलाच अजून काही कळलेलं नाही, ती लोकांना विचारत फिरते आहे. मग पडद्यावर तो आकडा येतो : चार सेकंद. पुरुषांच्या टूरमध्ये सर्वांत कमी फरक आठ सेकंदांचा, १९८९ साली ग्रेग लेमाँडने लॉराँ फिन्याँला हरवलं तेव्हाचा. आज सुमारे साडेनऊशे किलोमीटरनंतर चार. रॉयाकर्स दहा सेकंदांनी तिसरी. चढावरच्या वेगाने चार सेकंद म्हणजे आम्ही उभ्या आहोत त्या वळणाचा जेमतेम अर्धा फेरा.

लेक उड्या मारते आहे आणि माझ्या डोळ्यांत पाणी आहे, कोणासाठी ते नीट सांगता येणार नाही. जमिनीवर पडलेल्या त्या मुलीने आज जे करणं शक्य होतं ते सगळं केलं. तिचा डाव आम्नेविलला गेला होता, इथे नाही.

“ब्रांड,” काका म्हणतात. “दरीत ब्रांडने ओढलं नसतं तर...”

“गुरुवारी संघ थांबला असता तर,” मी म्हणते.

“काशाने शेवटी जोर लावला नसता तर,” लेक म्हणते, डचमध्ये, त्यांच्या डोळ्यांत बघून.

काका तिच्याकडे पाहतात. हात पुढे करून तिचा हात हातात घेतात आणि जोरात हलवतात. मग काहीतरी बोलायला तोंड उघडतात तेवढ्यात खालून ओरडा वर येतो. मोठा घोळका आहे, वीस-पंचवीस जणी. वेळेच्या मर्यादेत वर पोहोचायचं एवढंच त्यांना उरलेलं आहे. कोणत्या देशाच्या, कितव्या, कोणाला ठाऊक नाही. काका वाक्य अर्धवट टाकून रस्त्याकडे पळतात, दोन्ही हात तोंडाभोवती धरतात आणि पहिलीच्या कानाशी, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या, सकाळपासून राखून ठेवलेल्या आवाजात ओरडू लागतात. लेक त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते. मीही.