टिफिन झाला?

लग्न होऊन १९८८ साली मी कऱ्हाडहून मुलुंडला आले. शेजारी तमिळ मामी. पहिल्याच आठवड्यात दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी दारातून विचारलं, "टिफिन झाला?" मी म्हटलं, "नाही हो मामी, अजून घासायचाय." मामी बघतच राहिल्या! त्यांच्याकडे टिफिन म्हणजे इडली, उपमा, डोसा, दुपारचं खाणं. माझ्या लेखी टिफिन म्हणजे ह्यांचा स्टीलचा डबा.

मुंबईत राहिल्यावर आणखी अर्थ कळत गेले. "आज टिफिनला काय?" म्हणजे भाजी कुठली. "टिफिन लावलाय" म्हणजे महिन्याचं जेवण ठरवलंय. आणि "ती टिफिन चालवते" म्हणजे चक्क धंदा!

शब्द साहेबाचा, पण त्याच्या देशात आता जुनाट झालेला. दोन जेवणांच्या मधल्या खाण्यापिण्याला तिकडे बोलीत 'टिफिंग' म्हणत, त्यातही पिणंच जास्त. इथल्या साहेबांनी दुपारच्या हलक्या जेवणाला टिफिन म्हणायला सुरुवात केली. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तो शब्द आहे. गंमत म्हणजे आपल्या डबेवाल्यांच्या संस्थेच्या नावात 'टिफिन बॉक्स' आहे, पण त्यांना टिफिनवाले कोण म्हणतं? डबेवालेच.

मला मात्र हा इंग्रजी शब्दच उपयोगी पडला. १९९६ मध्ये ह्यांची कंपनी बंद पडली. मुलगी लहान, घराचा हप्ता चालू. मागच्या इमारतीत नोकरी करणारी चार मुलं राहायची, त्यांना जेवण द्यायचं मी ठरवलं. सासूबाई उखडल्याच. "आपल्या घरात अन्न विकायचं? लोक खानावळवाली म्हणतील." दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. हे तर खाली मान घालून पेपर वाचत बसायचे. तिसऱ्या दिवशी मामी आल्या आणि म्हणाल्या, "खानावळ कुठे आजी? टिफिन देतेय ती." काय जादू झाली कोण जाणे, सासूबाई गप्प बसल्या. पुढच्या आठवड्यात डोंबिवलीच्या नणंदेला फोनवर सांगत होत्या, "सून टिफिनचं बघते हल्ली." काम तेच, पोळ्या त्याच, पण डोक्यावरचा पदर ढळला नाही एवढंच!

चाराचे बावीस झाले. पहाटे चारला उठून कणीक भिजवायची, नवापर्यंत डबे भरायचे. हळूहळू सासूबाई पोळ्यांना तूप लावायला बसू लागल्या.

२००१ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई आल्या. माझ्या नावापुढे त्यांनी विचारलं, "काम?" हे सवयीनं म्हणाले, "घरीच असते." मी काही बोलायच्या आत आतून सासूबाईंचा आवाज आला, "घरीच कसली? टिफिन लिहा. बावीस!"