सड्यावरचा हत्ती आणि न सापडलेला खजिना

कशेळीचा हत्ती गंमतीशीर आहे. तुम्ही त्याच्या पोटावर उभे असाल आणि तरीही विचाराल, "कुठाय हत्ती?"

कशेळी हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातलं गाव. तिथलं कनकादित्याचं देऊळ कदाचित तुमच्या आजी-आजोबांनी पाहिलंही असेल. हत्ती मात्र राहतो सड्यावर. डोंगराच्या माथ्यावर ऐसपैस पसरलेलं सपाट, उघडं कातळ म्हणजे सडा. मे महिन्यात तिथे अनवाणी पाय ठेवून दाखवा! सावलीला झाड नाही, आसपास घर नाही. पावसाळ्यात मात्र याच कातळावर पाण्याची डबकी साठतात आणि इवल्या इवल्या फुलांचे गालिचे पसरतात. अशा जागी कुणीतरी जमिनीवरच्या खडकात खोबणी कोरत कोरत हत्ती काढलाय. लांबी साधारण १८ मीटर, रुंदी १३ मीटर. बॅडमिंटनची तीन कोर्टं शेजारी शेजारी आखली, तर त्यांवर हा एकटा हत्ती मावेल! आणि त्याच्या आत आणखी सत्तरेक लहान चित्रं आहेत.

एवढं मोठं चित्र उभ्याने एका नजरेत मावत नाही. पायाखाली दिसते ती फक्त एक वळणारी रेघ. पूर्ण हत्ती बघायचा तर वरून बघायला हवं, म्हणून हल्ली ड्रोनने फोटो काढतात. पण ज्यांनी तो कोरला त्यांच्याकडे ना ड्रोन होता, ना जवळपास चढून बघायला उंच मनोरा. मग सोंड कुठे संपवायची आणि पाय कुठे सुरू करायचा, हे त्यांना कसं कळलं असेल? हा प्रश्न डोक्यात राहू द्या. शेवटी त्याचा एक प्रयोग करायचा आहे.

हा हत्ती एकटा नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या सड्यांवर आणि खाली गोव्यापर्यंत अशी शेकडो चित्रं सापडली आहेत. त्यांना कातळशिल्पं म्हणतात. वाघ, हरणं, रानडुकरं, माकडं, मोर, कासवं, शार्क आणि लांब शेपटीचे पाकट मासे, सगळे तिथे आहेत. माणसंही आहेत. शिवाय चौकटी, वेटोळी आणि नक्षी अशा काही खुणा आहेत, ज्यांचा अर्थ अजून कुणालाही लावता आलेला नाही. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथे तर गोल गोल फिरत जाणारा चक्रव्यूह आहे. २०२२ मध्ये यांतल्या नऊ ठिकाणांची नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. सात रत्नागिरी जिल्ह्यातली, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं.

ती शोधली कुणी? रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे या दोन इंजिनिअरांनी आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे अक्षरशः पायांखाली घातले. गावोगाव जाऊन ते विचारायचे, तुमच्या सड्यावर कुठे चित्रं आहेत का? पुष्कळदा उत्तर मिळायचं ते गुराख्यांकडून! रोज गुरांमागे सडाभर हिंडणाऱ्या माणसाला सड्याची खडान् खडा माहिती असते. काही चित्रं तर माती आणि गवताखाली अर्धी झाकलेली होती. शाळेत न गेलेला एखादा गुराखीही अशा शोधात प्राध्यापकाच्या बरोबरीचा भागीदार ठरतो, ही गोष्ट मला फार आवडते.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात एव्हाना आला असेल. निर्जन माळ, गूढ खुणा... खाली खजिना तर नसेल?

अशी शंका घेणारे तुम्ही पहिले नाही. ओसाड जागी दगडात कोरलेलं काही दिसलं की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे 'हे पांडवांनी एका रात्रीत केलं'. दुसरी जरा दबक्या आवाजात सांगतात, 'इथे गुप्तधन आहे'. बिहारमध्ये राजगीरला सोनभांडार नावाची गुहा आहे. बिंबिसार राजाचा खजिना तिच्या भिंतीमागे आहे आणि भिंतीवरचा गूढ लेख वाचता आला तर दार उघडेल, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण त्याच गुहेच्या बाहेर दुसरा एक लेख आहे. तो अभ्यासकांनी वाचला. या गुहा वैरदेव नावाच्या जैन मुनींनी तपस्व्यांसाठी करवून घेतल्या, असं त्यात लिहिलंय. म्हणजे तो होता साधूंचा निवारा!

महाराष्ट्रातल्या गावांमध्ये, शेतांच्या कडेला गधेगाळ नावाचे दगड उभे दिसतात. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य, खाली गाढव. रहस्यकथेत शोभतील असे! पण ती जमिनीच्या दानाची खूण. चंद्र-सूर्य आकाशात असेपर्यंत हे दान टिकेल, आणि जो कुणी ते मोडेल त्याला शाप. म्हणजे हा दगड थेट सरकारी कागदासारखं काम करायचा. पण वाचता न आल्यामुळे लोक भलताच अर्थ काढतात आणि जुन्या कोरीव दगडांच्या, देवळांच्या बुडाशी रात्री खड्डे खणतात. कायदा काय म्हणतो तेही सांगून ठेवते. आपल्या देशात १८७८ सालापासून निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेलं धन कुणालाही सापडलं, तर ते गुपचूप घरी न्यायचं नाही, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं.

चला तर, आपण गुप्तहेर होऊ आणि कशेळीच्या हत्तीखाली खजिना असेल का ते तपासू. कुदळ अजिबात लागणार नाही.

पहिला पुरावा खडकाचा. पर्वती किंवा सिंहगड चढताना जो काळा खडक लागतो तो बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तो तयार झाला. कोकणातही मुळात हाच खडक होता. पण तिथल्या उष्ण, दमट हवेने आणि धो धो पावसाने लाखो वर्षं त्याला झिजवलं, त्यातली सिलिका धुऊन नेली आणि मागे राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंड गंजतं आणि लाल होतं. म्हणून कोकणातला हा खडक लालसर, सच्छिद्र असतो. हाच जांभा. याचेच चिरे कापून कोकणात घरं बांधतात. खाणीतून नुकता काढलेला चिरा त्यामानाने मऊ असतो आणि उघड्यावर ठेवला की टणक होत जातो. सड्याचा वरचा थर तर केव्हापासून ऊन-वारा खात टणक झालेला असतो. आता सांगा, त्याखाली हंडा पुरायचा तर काय करावं लागेल? आधी कातळ फोडावं लागेल. आणि फोडलेलं कातळ पुन्हा सांधून पहिल्यासारखं करता येत नाही. हत्तीची रेघ तर न तुटता पुढे पुढे जाते. म्हणजे तिच्याखालचा दगड कुणी उकरलेलाच नाही!

दुसरा पुरावा काळाचा. कातळात कोरलेल्या रेघेचं वय मोजणं फार कठीण आहे, कारण कार्बन पद्धतीने वय काढायला कोळसा किंवा हाड असं काहीतरी एकेकाळी जिवंत असलेलं लागतं, आणि रेघेत तसं काहीच उरत नाही. म्हणून अभ्यासक आडवाटेने जातात. सगळी चित्रं एकाच काळातली नाहीत, पण त्यांतली सर्वांत जुनी दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची असावीत असा त्यांचा अंदाज आहे. कशावरून? चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, मासे आहेत, पण शेती नाही. नांगर नाही. भारतात नाणी वापरात आली त्याला झाली सुमारे अडीच हजार वर्षं. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथलं शेतकऱ्यांचं गाव साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. ही जुनी चित्रं तर त्याच्याही कितीतरी आधीची. ज्या माणसांनी नाणं कधी पाहिलंच नाही, ती मोहरांचा हंडा कुठून पुरणार?

तिसरा पुरावा माझा सर्वांत लाडका आहे. गेंडा! हो, कोकणातल्या कातळावर एकशिंगी गेंडा कोरलेला आहे. आज रानातला गेंडा बघायचा तर आसाममधल्या काझीरंगासारख्या ठिकाणी जावं लागतं. मग रत्नागिरीच्या माणसाने तो पाहिला कुठे? की कोकणात तेव्हा गेंडे होते?

इथे पुण्याचा एक धागा जुळतो. डेक्कन कॉलेजमधले थोर पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकळिया यांनी गुजरातमध्ये लांघणज इथे उत्खनन केलं. (मुठा नदीच्या काठी, आपल्या दत्तवाडीत अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं शोधणारेही तेच! पुढच्या वेळी तिथल्या पुलावरून जाताना नदीकडे नीट बघा.) लांघणजला त्यांना गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालं. त्यावर खूप सारे खळगे होते. तिथली माणसं ते रुंद हाड खाली ठेवून त्यावर दगडाची बारीक हत्यारं घडवायची, लोहार ऐरण वापरतो ना, तशी. म्हणजे आज कोरड्या असलेल्या उत्तर गुजरातेत एकेकाळी गेंडे हिंडत होते. गेंड्याला दलदल लागते, उंच गवत लागतं. मग तेव्हाचं हवामान, तेव्हाचं गवत, तेव्हाचा पाऊस वेगळाच असणार. कोकणातलं गेंड्याचं चित्र म्हणूनच इतकं मोलाचं. पाऊस कसा बदलला हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी ती कातळावर लिहून ठेवलेली नोंदच आहे, पुरलेल्या हंड्याची खूण नव्हे.

याच सड्यांवर गूढाची भुरळ घालणारी आणखी एक जागा आहे, देवाचे गोठणे. तिथल्या माणसाच्या चित्रावर होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर दाखवायची सोडून भलतीकडेच वळते! कुणी म्हणेल, हीच खजिन्याची खूण. पण जांभ्यात लोखंड ठासून भरलेलं असतं हे आपण आत्ताच पाहिलं. लोखंडाची काही खनिजं चुंबक होऊ शकतात. उघड्या माळावर वीज पडली तरी खडकाला चुंबकत्व येऊ शकतं. चित्र काढणाऱ्यांकडे होकायंत्र नव्हतं, तरी चित्र नेमकं त्याच जागी कसं आलं? या प्रश्नाला मात्र मी तुमच्याइतकीच अडले आहे.

आणि बारसूचा सडा! तिथे मधोमध एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवरही अगदी अशीच जोडी आहे. दोन ठिकाणची माणसं एकमेकांना ओळखत होती का, की वाघासमोर न घाबरता उभा राहणारा माणूस दोघांनाही आपापला सुचला?

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गुप्तधनवाल्यांच्या कुदळीपेक्षा मोठी यंत्रं आता सड्यावर पोचली आहेत. चिऱ्यांच्या खाणी, रस्ते, कलमांच्या बागांसाठी फोडलेले खड्डे यांत काही चित्रं कायमची गेली. पण उक्षीच्या गावकऱ्यांनी त्यांच्या सड्यावरच्या हत्तीभोवती कठडा बांधून तो जपला. मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात गेलात तर हा हत्ती नक्की बघा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. तिरप्या उन्हात खोबणीत सावली पडते आणि रेघ ठळक दिसते. भर दुपारी समोर असूनही ती दिसत नाही. रेघेवर खडू मात्र फिरवू नका.

आता प्रयोग. शाळेच्या मैदानावर, परवानगी काढून, १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असे दोन चौकोन दोरीने आखा. दोन गट करा. दोघांनाही कागदावर काढलेला एकच हत्ती द्या. पहिल्या गटाने तो थेट डोळ्यांच्या अंदाजाने रांगोळीने मोठा करायचा. दुसऱ्या गटाने कागदावर आणि मैदानावर सारख्याच संख्येने लहान चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन भरत जायचं. एका मित्राला दुसऱ्या मजल्यावर उभं करा, पण चित्र पुरं होईपर्यंत त्याने एक शब्दही बोलायचा नाही. मग विचारा त्याला, कुणाचा हत्ती हत्तीसारखा दिसतोय आणि कुणाचा डुकरासारखा. तिसऱ्यांदा दोरी, चौकोन आणि कागद तिन्ही काढून घ्या आणि कशेळीच्या चित्रकारांनी काय युक्ती केली असेल ते आपसांत ठरवून बघा. तुमची युक्ती आम्हाला लिहून कळवा, मैदानावरच्या हत्तीच्या फोटोसकट.