गिटार बदलण्याआधी भोपाळचे तीन ऋतू

भोपाळसारख्या शहरात चांगल्या अकूस्टिक गिटारीविषयीची तक्रार बहुधा वैशाखात किंवा श्रावणात सुरू होते, आणि हा योगायोग नव्हे. विजेच्या मदतीवाचून केवळ पोकळ लाकडी पेटीच्या कंपनावर वाजणारे हे वाद्य हवेतील ओलाव्याला इतके हळवे असते की माघात हाताला हलकी वाटणारी गिटार भर पावसाळ्यात बसक्या आवाजाची आणि बोटांना जड होते, तर ऐन उन्हाळ्यात तिच्या तारा पडद्यांवर घासून खरखर करू लागतात. वादकाला मात्र वाद्यातच काही उणे असल्याचे जाणवते आणि दुसऱ्या गिटारीचा शोध सुरू होतो. तो शोध चुकीचाच असतो असे नाही; परंतु दोष वाद्याच्या बांधणीत आहे, जुळणीत आहे की ऋतूत आहे, याचा निवाडा झाल्याखेरीज घेतलेला निर्णय पुष्कळदा एका चांगल्या वाद्याला मुकवतो.

यासाठी गिटारीची रचना थोडी जवळून पाहावी लागते. सतारीत जिला तबली म्हणतात, तशीच गिटारीच्या पेटीची दर्शनी फळी असते. चांगल्या वाद्यात ती स्प्रूस किंवा सीडर या सूचिपर्णी वृक्षांच्या अखंड लाकडाची आणि जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची असते. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो भरतो, म्हणजे एका प्रौढ माणसाच्या वजनाइतका भार ही पातळ फळी, तिच्या आतून चिकटवलेल्या पट्ट्यांच्या आधाराने, रात्रंदिवस सोसत असते. लाकडाने ओलावा शोषला की ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. कडांना जखडलेली तबली फुगली की तिला वर उचलले जाण्यावाचून गत्यंतर नसते. तिच्यावरची घोडी, म्हणजे तारांना आधार देणारा ब्रिज, तिच्याबरोबर वर जाते आणि तारांची पडद्यांपासूनची उंची वाढते. हवा कोरडी झाली की नेमके उलट घडते: तबली खचते, तारा खाली येतात, मानेवरचे लाकूड आकसून पडद्यांची धातूची टोके कडेला बाहेर डोकावतात आणि तळहाताला बोचतात, शेवटी तबलीला रेषांच्या दिशेने बारीक भेग पडते.

बहुतेक निर्माते अशा वाद्यासाठी ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता सांगतात. त्या तापमानाला हवेत जितकी वाफ सामावू शकते, त्यापैकी प्रत्यक्षात किती आहे याचे ते प्रमाण होय. भोपाळात मे महिन्याच्या दुपारी हे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात उतरते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर चढते. मुंबईची हवा दमट असली तरी वर्षभर बऱ्यापैकी दमटच राहते. माळव्याच्या पठाराची अडचण ओलाव्याची किंवा कोरडेपणाची नसून या हेलकाव्याची आहे. त्यातच उन्हाळ्यात घरोघरी पाण्याचे कूलर सुरू होतात. कूलरच्या खोलीत भिंतीला अडकवलेली गिटार दिवसभर ओलसर झोतात राहते आणि पहाटे पंप बंद पडला की काही तासांत कोरडी होते; शेजारच्या वातानुकूलित खोलीत तीच गिटार महिनाभर एकसारखी सुकत जाते. कठीण पेटीत बंद ठेवलेली, आर्द्रता दाखवणारा छोटासा मापक आणि उन्हाळ्यात ओलावा देणारी पुडी सोबत असलेली गिटार या दोन्हींपासून वाचते. हा खर्च नव्या वाद्याच्या तुलनेत नगण्य आहे, आणि तो केल्यावाचून आणलेली नवी गिटारही पुढच्या वैशाखात हीच तक्रार सांगेल.

ऋतूनंतर विचार येतो जुळणीचा. इथे तानपुऱ्याचे उदाहरण मराठी वाचकाला सर्वात जवळचे आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या कारागिराकडे येणाऱ्या तानपुऱ्यांत जवारी उतरलेली वाद्ये नेहमीचीच. तारांच्या घर्षणाने घोडीचा पृष्ठभाग झिजतो, आवाजातला झंकार मरतो, आणि कारागीर तो पृष्ठभाग केसाएवढा घासून पुन्हा जवारी काढून देतो. जवारी उतरली म्हणून तानपुरा टाकून द्यावा, असे कोणत्याही गायकाच्या मनात येत नाही. गिटारीच्या बाबतीत मात्र हीच समज अजून रुजलेली नाही. झिजलेल्या तारा, खोल चरे पडलेले पडदे, मानेच्या वरच्या टोकाची खाचा चुकलेली पट्टी, उंच राहिलेली सॅडल, म्हणजे घोडीत बसवलेली हाडाची पट्टी, यांपैकी एकही दोष वाद्याच्या जातीचा नव्हे. बाराव्या पडद्यापाशी जाड तार आणि पडदा यांमध्ये साधारण २.५ मिलिमीटर अंतर असावे, ते ३.५ भरले तर सॅडल २ मिलिमीटरने उतरवावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या मध्यावर असल्याने तिथे निम्माच फरक पडतो. मानेच्या आत बसवलेली पोलादी सळई फिरवून मानेचा बाक कमी-अधिक करता येतो. तथापि उंच तारांवरचा उपाय म्हणून ती सळई पिळणे ही मोठी चूक आहे. सळई मान सरळ ठेवण्यासाठी असते, तारा खाली आणण्यासाठी नव्हे.

बांधणीतला खरा दोष ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. मान सरळ असताना पडद्यांवर लांब सरळ पट्टी ठेवून ती घोडीपर्यंत नेली, तर तिचे टोक घोडीच्या लाकडी माथ्याला टेकावे किंवा किंचित वर राहावे. ते माथ्याच्या बरेच खाली आदळत असेल, सॅडल घासून घासून जवळजवळ संपली असेल आणि तरीही तारा उंचच असतील, तर वर्षानुवर्षांच्या ताणाने मानेचा कोन ढळला आहे असे समजावे. याच वेळी घोडीच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकतो का ते पाहावे. सरकला तर घोडी सुटत चालली आहे. पेटीवर बोटाच्या पेराने हलके ठोकत गेल्यास सुटलेली आतली पट्टी आपल्या थरथरीने आपोआप सांगते. भेग आणि सुटलेली पट्टी कुशल हाताला दुरुस्त करता येते. मान उतरवून नव्या कोनात बसवणे हे मात्र मोठे आणि महाग काम आहे. अखंड लाकडाच्या उत्तम गिटारीवर ते अवश्य करावे. थरांच्या लाकडाच्या, म्हणजे प्लायवुडच्या, स्वस्त गिटारीवर ते परवडत नाही, आणि तिथे बदल हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

वाद्य धड आहे, जुळणीही नीट आहे, तरी दुसऱ्या लाकडाच्या गिटारीची ओढ वाटते, ही सर्वात सामान्य अवस्था. पाठीचे आणि बाजूंचे लाकूड शिसवी असले म्हणजे आवाज भरदार होतो, ही समजूत बाजारात दृढ आहे, आणि सह्याद्रीत व मध्य भारतात वाढणारा आपला शिसव त्यासाठीच जगभर मागितला जातो. परंतु १८६२ मध्ये स्पेनमधील श्रेष्ठ कारागीर अंतोनिओ दे तोरेस यांनी पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या व तबली मात्र उत्तम लाकडाची अशी एक गिटार घडवून आवाजाचा मुख्य भार तबलीवर असतो हे दाखवून दिले. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. २०१८ मध्ये इंग्लंडातील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी केवळ पाठ व बाजूंच्या लाकडात भेद असलेल्या सहा गिटारी खास बनवून घेतल्या आणि ५२ वादकांना त्या वाद्य दिसणार नाही अशा रीतीने वाजवायला दिल्या. भारतीय शिसव, दुर्मीळ ब्राझिली शिसव, महोगनी, मेपल, सॅपेली आणि अक्रोड यांमध्ये वादकांनी दिलेल्या गुणांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. म्हणून केवळ पाठीच्या लाकडासाठी गिटार बदलणे, या लेखाच्या मते, पैशाचा अपव्यय आहे.

मग बदलाचे योग्य कारण कोणते? त्याचे उत्तर भोपाळच्याच संगीतपरंपरेत सापडते. १९८१ मध्ये या शहरात ध्रुपद केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर तिथे गुरू म्हणून आले. त्यांचे थोरले बंधू, पनवेलजवळच्या पळस्प्याला गुरुकुल उभारणारे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर, यांनी आपली रुद्रवीणा कोलकात्याच्या कनैलाल बंधूंकडून नव्याने घडवून घेतली होती: दांडी अधिक जाड, तुंबे अधिक मोठे, तारा अधिक भारी. त्यांना खर्जातला अतिविलंबित आलाप हवा होता, आणि एका आघातानंतर स्वर दीर्घकाळ टिकला नाही तर तो आलाप उभाच राहत नव्हता. संगीताने वाद्याकडे जे मागितले ते जुन्या बांधणीत नव्हते. म्हणून बांधणी बदलली. पंडित ब्रिजभूषण काब्रा आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीवर रागसंगीत आणले, तेव्हाही चिकारीच्या आणि तरफेच्या तारांसाठी वाद्याची घडण बदलावी लागली. हाच न्याय घरगुती वादकालाही लागू पडतो. ड्रेडनॉट म्हणून ओळखली जाणारी रुंद पेटीची गिटार गाण्याच्या साथीसाठी घडलेली आहे. तिच्यावर झपझप ठेका धरणारा वादक कालांतराने बोटांनी एकेक तार छेडून सूक्ष्म रचना वाजवू लागला, तर लहान पेटीची आणि तारांमध्ये थोडे अधिक अंतर असलेली गिटार त्याची खरोखरीची गरज होते. खांदा दुखतो म्हणून लहान पेटीची गिटार घेणे हेही तितकेच रास्त कारण आहे.

तुलना करताना दोन्ही वाद्यांवर एकाच जाडीच्या नव्या तारा असाव्यात, कारण दुकानातील ताज्या तारांची चमक घरातील सहा महिने जुन्या तारांपुढे ठेवली की निकाल आधीच लागलेला असतो. दुसऱ्या कोणाला तरी दोन्ही वाजवायला सांगून पाठमोरे बसून ऐकावे, आणि शक्य झाल्यास जुनी गिटार महिनाभर तरी विकू नये.

भोपाळात ही पारख करण्यास दिवाळीनंतरचे चार-पाच आठवडे सर्वात योग्य असतात, कारण पावसाळ्याचा ओलावा तबलीतून उतरलेला असतो, कडक कोरडेपणा अजून दूर असतो आणि जुनी गिटार तिच्या स्वाभाविक अवस्थेच्या सर्वात जवळ येते. ज्यांच्या मनात श्रावणापासून नव्या वाद्याचे घाटत आहे, त्यांनी या कार्तिकात जुन्या गिटारीला नव्या तारा चढवाव्यात, बाराव्या पडद्यापाशी पट्टी लावून अंतर मोजावे, आणि मगच दुकानाची पायरी चढावी.